काकांच्या तपासणीत तुमचं उत्तर असू शकतं

पत्राचा सारांश: सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून ४४ वर्षांच्या एका ताईंनी लिहिलं आहे. पती ४९ वर्षांचे, हार्डवेअरचं दुकान. कॉलेजपासून तंबाखू, गेली काही वर्षं मावा. घरात ६८ वर्षांच्या सासूबाई, आठवीतली मुलगी, सहावीतला मुलगा. गावात एका खासगी लॅबचं शिबिर लागलं आहे. ‘संपूर्ण कॅन्सर पॅकेज’, पुरुषांसाठी निळं कार्ड आणि महिलांसाठी गुलाबी. ताईंकडे पैसे एकाच कार्डापुरते आहेत. पुरुषांना कॅन्सर जास्त होतो असं त्यांच्या वाचनात आलं, म्हणून त्यांनी पतीला जायला सांगितलं. पती म्हणाले, “कॅन्सर बायकांनाच होतो, तूच जा.” ताईंच्या माहेरी आत्या ४३ व्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाने गेल्या. धाकट्या काकांना ५८ व्या वर्षी प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा, कर्करोग निघाला आणि तो हाडांपर्यंत गेला आहे. “पण आत्या म्हणजे वडिलांकडची बाजू, ती धरत नाहीत,” असं जाऊबाई म्हणतात. मुलीच्या शाळेत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या लसीची माहिती दिली होती, तिला सासूबाईंचा विरोध आहे. ताईंचा प्रश्न: “धोका जास्त कोणाला, पुरुषाला की बाईला? आणि आमच्या घरात आधी कोणी तपासून घ्यावं?”

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात तुमचा प्रश्न दिसला. दुसऱ्या वाचनात तुम्ही जाता जाता लिहिलेली दोन वाक्यं दिसली आणि ती डोक्यातून जाईनात. एक असं: “सासूबाईंना कसलंच व्यसन नाही, फक्त सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात.” दुसरं: “हल्ली यांना माझी प्रत्येक भाजी तिखट लागते. घरात दुसऱ्या कोणालाच लागत नाही, त्यावरून रोज कुरबुर.” तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या दोन वाक्यांत आहे. त्यांच्याकडे येतेच, आधी पैशांचं बोलू. शिबिर येत्या रविवारी संपतंय असं तुम्ही लिहिलंय.

ते पैसे घरातच ठेवा. निळं कार्डही घेऊ नका आणि गुलाबीही नको. अशा पॅकेजमध्ये बहुतेक रक्तातल्या ‘ट्यूमर मार्कर’च्या चाचण्या असतात. आजार आधीच सापडलेल्या रुग्णाला उपचार लागू पडतोय का, आजार उलटतोय का, हे बघायला त्या फार उपयोगी आहेत. धडधाकट माणसात कर्करोग शोधायला मात्र त्यांच्यावर भिस्त ठेवता येत नाही. सीए १२५ नावाची चाचणी पाळीच्या दिवसांत किंवा गर्भाशयाच्या साध्या दुखण्यातही वाढलेली दिसते. सीईए ही दुसरी चाचणी नुसत्या विडी-सिगारेटनेही वाढते. म्हणजे काही नसताना घरभर रडारड होऊ शकते. उलट रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला की माणूस खूष होऊन पुन्हा माव्याची पुडी उघडतो. मला या दुसऱ्या प्रकाराची जास्त धास्ती वाटते. तुमच्या पतींच्या तोंडात काय चाललंय ते त्या निळ्या कार्डातल्या रक्ताच्या थेंबातून कळणार नाही.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. २०२२ च्या अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे २ कोटी लोकांना नव्याने कर्करोग होतो आणि सुमारे ९७ लाख लोक त्याने दगावतात. आयुष्यभराचा हिशेब मांडला, तर दर ९ पुरुषांमागे एक आणि दर १२ स्त्रियांमागे एक कर्करोगाने जातो. बाई आणि पुरुष दोघांनाही असणारे अवयव घेतले, म्हणजे तोंड, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मूत्राशय, तर जवळजवळ सगळीकडे पुरुष पुढे. थायरॉइड आणि पित्ताशय हे ठळक अपवाद.

पुरुष पुढे का? पहिलं उत्तर सगळ्यांना पाठ आहे: तंबाखू, दारू, धुरात आणि रसायनांत केलेली कामं. ते बरोबरच आहे, पण पुरं नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या संशोधकांनी पन्नाशी उलटलेल्या जवळजवळ ३ लाख स्त्री-पुरुषांच्या माहितीवरून २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सिगारेट, दारू, वजन, आहार हे सगळं हिशेबात धरूनही बहुतेक कर्करोगांत पुरुषांचा धोका जास्तच राहिला. काहीतरी शरीरातच आहे. स्त्रीच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात, त्यातलं एक बरंचसं मिटलेलं असतं. पण त्या मिटलेल्या एक्सवरची काही जनुकं जागी राहतात आणि त्यांतली काही गाठीला आवर घालणारी आहेत. बाईकडे त्यांच्या दोन प्रती, पुरुषाकडे एकच. ती बिघडली की दुसरी नाही. शिवाय वय वाढतं तसं पुरुषांच्या रक्तातल्या काही पेशींमधून वाय गुणसूत्र चक्क गळून जातं, आणि धूम्रपान करणाऱ्यांत ते जास्त गळतं. बाईची प्रतिकारशक्तीही एकंदरीत जास्त तिखट असते. त्याची किंमत ती संधिवातासारख्या, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या दुखण्यांत मोजते.

पण आपल्या देशाचं चित्र जरा वेगळं आहे, आणि म्हणून तुमचे पतीही अगदीच चुकीचं बोललेले नाहीत. भारतात २०२२ मध्ये सुमारे १४ लाख नवे रुग्ण धरले गेले, त्यात बायकांची संख्या पुरुषांपेक्षा थोडी जास्तच होती. एकट्या स्तनाच्या कर्करोगाचे १ लाख ९० हजारांहून अधिक, गर्भाशयमुखाचे सव्वा लाखाच्या आसपास. आता यांच्यासमोर दुसरा आकडा ठेवा: भारतीय पुरुषांमध्ये पहिल्या नंबरावर तोंडाचा कर्करोग आहे, वर्षाला एक लाखाहून जास्त पुरुष. “कॅन्सर बायकांनाच होतो” असं म्हणताना ज्या तोंडातून ते वाक्य निघालं, त्या तोंडाबद्दलच मी बोलतेय.

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. तीस वर्षं मी दवाखाना चालवला. एक नवरा-बायको नेहमी यायचे. नवऱ्याला एकदा, फक्त एकदा, लाल लघवी झाली. मी त्याच दिवशी सोनोग्राफी लिहून दिली, दुर्बिणीने मूत्राशय बघून घ्यायला पाठवलं. खडा निघाला. दोन-तीन वर्षांनी बायकोला तोच त्रास झाला. तिला मी ‘उन्हाळी लागली, इन्फेक्शन आहे’ म्हणून गोळ्या दिल्या. बरं वाटलं. महिन्याने पुन्हा आली, पुन्हा गोळ्या. तिसऱ्या वेळी तीच म्हणाली, “बाई, यांना तुम्ही लगेच फोटो काढायला पाठवलं होतंत.” पाच महिने गेले होते. गाठ मूत्राशयात होती. मूत्राशयाचा कर्करोग पुरुषांत तीन-चार पट जास्त असतो हे मला पक्कं माहीत होतं, आणि ते माहीत असल्यामुळेच तिच्या बाबतीत तो माझ्या मनात आला नाही. जळजळ-दुखणं काही नसताना लघवीतून रक्त गेलं, तर ते बाईचं असो की पुरुषाचं, एकदा गेलेलं असो की दहादा, नीट तपासणी व्हायलाच हवी. ‘पाळीचं असेल’ म्हणून पाळी जाऊन दहा वर्षं झालेल्या बायकाही घरी बसतात.

तेव्हापासून ‘धोका जास्त कोणाला’ या प्रश्नाची मला धास्ती वाटते. सरासरी खरी असते. पण ती तुमच्या स्वयंपाकघरात बसलेल्या पाच माणसांपैकी कोणाचीच नसते. तुमच्या घरात प्रत्येकाचा धोका वेगळ्या ठिकाणी आहे, तो एकेक बघू.

सगळ्यात आधी तुमच्या पतींची भाजी.

ताई, तुमचा हात तिखट झालेला नाही. माव्यात सुपारी, तंबाखू आणि चुना असतो. सुपारी वर्षानुवर्षं गालात राहिली की आतली मऊ कातडी राठ होत जाते, पांढुरकी, दोरीसारखे पट्टे धरल्यासारखी. त्याची पहिली खूण बहुतेक वेळा हीच: साधी भाजी झोंबायला लागते, गरम चहा सोसत नाही. मग हळूहळू तोंड कमी उघडतं. पाणीपुरी, मोठा लाडू आत जाईना होतो. हा कर्करोग नव्हे, पण त्याच्या वाटेवरचा टप्पा आहे आणि अशा तोंडात कर्करोग होण्याची शक्यता बरीच वाढते. तुमच्या पतींना तेच झालंय असं मी पत्रावरून ठामपणे सांगणार नाही. बघितल्याशिवाय थांबू नका एवढं मात्र ठाम सांगते.

आज रात्री जेवणं झाल्यावर त्यांना चूळ भरायला सांगा आणि मोबाइलचा टॉर्च घ्या. तीन बोटं एकावर एक उभी धरून त्यांच्या दातांच्या मध्ये जातात का बघा, त्यांचीच बोटं. खालचा ओठ बाहेर ओढून ज्या खाचेत बार भरतात तिथे बघा. दोन्ही गाल आतून, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखाली. पुसून न जाणारा पांढरा किंवा लालबुंद चट्टा, दोन-तीन आठवडे न भरलेली जखम, कारण नसताना हलायला लागलेला दात, मानेत गाठ, एकाच बाजूला कानात ठणका. यातलं काहीही असो वा नसो, या आठवड्यात त्यांना दातांच्या डॉक्टरांकडे न्या. ग्रामीण रुग्णालयातही हे बघतात. यंत्र लागत नाही, उपाशी राहावं लागत नाही, आणि ही तपासणी वाया जात नाही. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरोघरी जाऊन नुसत्या नजरेने तोंडं तपासली. तंबाखू-दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्याने सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. २००५ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

ते यायचे नाहीत, असं तुम्ही म्हणाल. कॅन्सरचं नाव काढू नका. भांडण भाजीवरून आहे ना, मग भाजीवरूनच बोला: “मला तिखट कळत नाही म्हणता, तर डॉक्टरांनाच विचारू तिखट कोणाला का लागतंय.” दुकान बंद असण्याच्या वारी अपॉइंटमेंट घ्या. पुरुषांना आजाराची भीती नसते हा आपला गैरसमज आहे. त्यांना आजारापेक्षा ‘काहीतरी निघेल’ याची भीती असते आणि ती ते चिडून दाखवतात. मावा सोडण्याबद्दल त्याच दिवशी बोलू नका, ते डॉक्टरांना बोलू द्या. सोडायची तयारी झाली की १८००-११-२३५६ हा सरकारी फोन फुकट आहे. तंबाखूच्या पुडीवर तो छापलेला असतो, आणि पलीकडून समजावून सांगणारं माणूस बोलतं. गुटख्याला आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे. त्याची जागा घोटलेल्या माव्याने घेतली आणि ‘हा ताजा, आपल्यासमोर घोटलेला, याने काही होत नाही’ असा समज पसरला. चुन्याने आणि सुपारीने व्हायचं ते ताज्यानेही होतंच.

त्याच खेपेला सासूबाईंनाही न्या.

मिश्री कशी भाजतात ते मी लहानपणी आजोळी बघितलंय. लोखंडी तव्यावर तंबाखूची पानं टाकायची, ती काळी पडेपर्यंत परतायची. घरभर असा ठसका उठायचा की आम्ही पोरं अंगणात पळायचो. मग ती बोटांनी चुरून डबीत भरायची. सकाळी त्या डबीत बोट बुडवलं की दात, हिरड्या, मग नुसतंच बोट तोंडात धरून पायरीवर बसणं. “लावल्याशिवाय पोट साफ होत नाही गं,” असं आजी म्हणायची. त्याला कोणी व्यसन म्हणत नव्हतं, दात घासणं म्हणायचे. आजही दवाखान्याच्या कागदावर अशा बाईच्या नावापुढे ‘व्यसन: नाही’ असं लिहिलं जातं, कारण तिला विचारलं जातं ‘तंबाखू खाता का’, आणि ती खरंच खात नाही, लावते. म्हणून मी नेहमी दोन प्रश्न वेगळे विचारायची. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात शंभरातले ३५ पुरुष आणि १७ बायका कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होत्या. सतरा म्हणजे दर सहा बायकांत एक. पुरुषाची पुडी सगळ्या गावाला दिसते, बाईची डबी कोनाड्यात राहते. सासूबाईंना दोष देऊ नका, त्यांना ती डबी बहुधा त्यांच्याच सासूने दिली असेल. तोंड मात्र बघून घ्या.

आता माहेर. इथे मला जाऊबाईंचं म्हणणं पूर्ण खोडावं लागतं, आणि हे मी प्रत्येक वाचकासाठी लिहितेय, कारण असं मानणारी माणसं मला सुशिक्षित घरांतही सतत भेटतात.

स्तनाचा कर्करोग बहुतेकींना आनुवंशिक नसतोच. पण काही घराण्यांत ब्राका १ किंवा ब्राका २ नावाच्या जनुकात बिघाड असतो. ही जनुकं पेशीतली मोडतोड दुरुस्त करण्याचं काम करतात. ती आईकडूनही येतात आणि बापाकडूनही. ज्या कोणाकडे बिघाड असेल त्याच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो वा मुलगी. फरक पडतो तो पुढे. असा बिघाड असलेल्या शंभर बायकांतल्या साठहून अधिकजणींना आयुष्यात कधीतरी स्तनाचा कर्करोग होतो, बीजकोशाच्या कर्करोगाचा धोकाही मोठा असतो. त्याच घरातला पुरुष तोच बिघाड घेऊन ऐंशी वर्षं ठणठणीत जगू शकतो. त्यालाही धोका असतो, प्रोस्टेटचा, स्वादुपिंडाचा, आणि हो, स्तनाचाही. विशेषतः ब्राका २ असेल तर शंभरात सातपर्यंत. पण अनेकदा त्याला काहीच होत नाही आणि तो नकळत तो बिघाड मुलीच्या ओटीत घालतो. म्हणून ज्या पिढीत मुलगेच जास्त, तिथे हा आजार झाकला जातो.

तुमच्या माहेरी नेमकं तेच आहे. तुमचे वडील धरून तीन भावंडं, त्यात बहीण एकच. ती एकुलती बहीण ४३ व्या वर्षी गेली. धाकट्या भावाला ५८ व्या वर्षी प्रोस्टेटचा, तोही पसरलेला. तुम्ही यांना दोन वेगळे आजार मानून लिहिलंत, एक बायकांचा आणि एक पुरुषांचा. मला ती एकाच घराण्यातली एकच गोष्ट असू शकते असं वाटतं. ‘असू शकते’ एवढंच म्हणते. प्रोस्टेटचा कर्करोग उतारवयात पुष्कळांना होतो आणि दोन घटनांचा संबंध नसेलही. पण कमी वयातला स्तनाचा आणि पसरलेला प्रोस्टेटचा एकाच रक्ताच्या बाजूला दिसले, तर आनुवंशिकतेच्या तज्ज्ञाला भेटण्याइतकं कारण आहे.

अशी चाचणी सगळ्यात आधी ज्याला आजार झालाय त्याची करायची असते. तुमची नाही. तुमची आधी केली आणि काही सापडलं नाही, तर त्यातून नीट अर्थ लागत नाही: घराण्यात बिघाड नाहीच, की आहे पण तुमच्यात उतरला नाही, की आजच्या चाचणीला तो दिसला नाही? आत्या आता नाहीत. काका आहेत. त्यांच्यात बिघाड सापडला, तर तुमच्या वडिलांची, मग तुमची आणि भावाची तीच एक जागा बघायची, आणि ती चाचणी सोपीही असते आणि स्वस्तही. काकांच्यात काही सापडलं नाही, तर तुमच्या मनावरचं ओझं काहीसं हलकं होईल, पण बिघाड आत्यांमध्ये असून काकांत उतरला नसण्याची शक्यता उरतेच. टाटा मेमोरियलमध्ये आनुवंशिक कर्करोगाचं वेगळं क्लिनिक आहे, तिथे आधी घराण्याचा तक्ता काढून समजावून सांगतात आणि मगच चाचणीचं ठरवतात. काकांचे उपचार जिथे चालू आहेत तिथल्या डॉक्टरांनाही हे विचारता येईल.

तोवर तुम्ही स्वतः वाट बघत बसू नका. तुम्ही सगळ्यांच्या तपासण्या मोजल्यात आणि स्वतःसाठी फक्त एक ओळ लिहिलीत, “माझं काय, मी ठीक आहे.” आत्या गेल्या त्या वयाच्या पुढे तुम्ही एक वर्ष आलात. स्तनांची डॉक्टरांकडून तपासणी आणि मॅमोग्राफी, या महिन्यात. कार्डाचे वाचलेले पैसे इथे वापरा. आंघोळीच्या वेळी हात फिरवून बघण्याची सवय ठेवा, पण तेवढ्यावर थांबू नका. मुंबईत वस्त्यांमधून दीड लाख बायकांवर टाटा मेमोरियलने वीस वर्षं एक अभ्यास केला. डॉक्टरांनी नाही, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले. पन्नाशीपुढच्या बायकांत त्याने मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. हाताच्या तपासणीला कमी लेखू नका एवढ्यासाठी सांगितलं.

दुसरी तपासणी गर्भाशयमुखाची. याबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत आणि तुमच्यासारख्या बहुतेकजणी काढत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तिशी ते पन्नाशीच्या शंभर भारतीय बायकांत दोघींनीसुद्धा ही तपासणी कधी केलेली नव्हती. आणि तुम्ही राहता कुठे? शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, तीस ते एकोणसाठ वयाच्या १ लाख ३० हजारांहून अधिक बायकांवर झालेल्या अभ्यासाने जगाला दाखवून दिलं की आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही चाचणीने, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूच्या चाचणीने, या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला तो अभ्यास जगभरच्या डॉक्टरांनी वाचला. तुमच्याच जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू आहे. तिथले कार्यकर्ते गावोगाव फिरून नोंदी घेताना बायकांशी बोलायचे, अंगावरून पांढरं जास्त जातं का, मधेच रक्त दिसतं का, दिसलं तर या. नुसत्या त्या बोलण्याने बायका आजार लवकरच्या टप्प्यात असताना यायला लागल्या. सरकारी दवाखान्यात तीस वर्षांपुढच्या बायकांसाठी सौम्य ॲसिड लावून बघण्याची तपासणी असते, पैसे लागत नाहीत. पाच मिनिटांचं काम आहे. जाऊबाईंना बरोबर न्या, एकटीला संकोच वाटतो.

मुलीच्या लसीबद्दल. सासूबाईंचं म्हणणं, “लग्नाच्या आधी असली लस कशाला?” त्यांना सांगा, म्हणूनच आधी. ही लस त्याच एचपीव्ही विषाणूविरुद्धची आहे. ती झालेला संसर्ग बरा करत नाही, होऊ देत नाही. ९ ते १४ या वयात शरीर तिला सगळ्यात चांगलं प्रतिसाद देतं. या वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस देतात, आणि एका डोसनेही चांगलं संरक्षण मिळतं असं जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून सांगते आहे. आपल्या पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या लसीला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. तो विषाणू पुरुषांनाही सोडत नाही, त्यांच्यात घशाचे आणि जननेंद्रियांचे कर्करोग त्याने होतात. ऑस्ट्रेलियात मुलींना २००७ पासून आणि मुलग्यांनाही २०१३ पासून ती शाळेतच देतात. पैसे बेताचे असतील तर आधी मुलीला द्या. जमेल तेव्हा मुलाचाही विचार करा. आणि मुलगा सहावीत आहे, दुकानात बसतो असं तुम्ही लिहिलंय, तर वडिलांसाठी मावा आणायला त्याला टपरीवर पाठवू नका. ही एक गोष्ट आजपासून बंद.

राहिले तुमचे भाऊ. त्यांनाही हे पत्र वाचायला द्या. त्यांना दोन मुली आहेत. वडिलांकडची बाजू धरत नाहीत असं मानलं, तर त्या मुलींच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाची बाजूच सुटते. स्वतःच्या छातीत बोंडीमागे गाठ लागली किंवा बोंडीतून रक्त आलं, तर ‘पुरुषाला काय होतंय’ म्हणून त्यांनी गप्प बसू नये. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत एखादा पुरुष असतो, आणि तो बहुधा उशिराच येतो.

काकांना फोन करायचं तुम्हाला जड जातंय हे मला कळतं. “त्यांना आधीच एवढा त्रास, त्यात मी माझ्यासाठी त्यांचं रक्त मागू?” असं तुम्ही लिहिलंत. तर हे ऐका. त्यांच्यात असा बिघाड सापडला, तर त्या बिघाडावरच चालणाऱ्या गोळ्या आता उपलब्ध आहेत. पसरलेल्या प्रोस्टेटच्या कर्करोगात २०२० पासून त्या वापरल्या जातात. म्हणजे ही चाचणी आधी त्यांच्या उपयोगाची आहे, मग तुमच्या. संध्याकाळी त्यांचं जेवण व्हायच्या आधी फोन करा. आधी हाडांचं दुखणं कसं आहे ते विचारा आणि ते सांगतील तितकं ऐकून घ्या. मग आत्याचा विषय काढा. तिच्याबद्दल त्यांच्याशी कोणी बऱ्याच वर्षांत बोललं नसेल.